सुशिक्षितांचे ढिले आटे

आमच्या सुशिक्षित वर्गात एक समजूत पुष्कळ दिवसांपासून घर करून बसली आहे. ती अशी की, यंत्र वापरणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होय, आणि त्याच यंत्राला हात लावून ते नीट ठेवणे हे मात्र दुसऱ्या कोणाचे तरी काम होय. ही समजूत कोणी तोंडाने बोलून दाखवीत नाही. उलट श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान द्यावयास सांगितले, तर आमच्यातील कोणीही प्राध्यापक तासभर अस्खलित बोलेल. परंतु माणसाचे खरे मत त्याच्या व्याख्यानापेक्षा त्याच्या अंगणात अधिक स्पष्ट दिसते. जालना जिल्ह्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय घराच्या अंगणात जाऊन पाहावे. तेथे मोटारसायकल उभी असते. ती धुतलेली, पुसलेली असते. मालकास तिची किंमत, तिचे हप्ते, एक लिटर पेट्रोलात ती किती किलोमीटर जाते, हे सर्व मुखोद्गत असते. मात्र त्याच घरात दहा-अकराचा पाना मागावा, म्हणजे घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

मोटारसायकलीचा ढिला झालेला व हाताला सहजी न लागणारा नट घरच्या घरी आवळावा की नाही, हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांस शोभणारा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. तसे वाटणे हाच आमच्या मते रोग आहे. ज्या वस्तूवर आपण आपली बायकामुले रोज बसवितो, तिचा विचार वाङ्मयाबाहेरचा, आणि ज्या वस्तूंशी आपला कधी संबंध येत नाही, त्यांचा विचार तेवढा वाङ्मयातला, अशी वाटणी ज्या समाजाने केली, त्याचे वाङ्मयही निर्बल होते आणि त्याच्या वस्तूही खिळखिळ्या होतात. म्हणून हा विषय आम्ही मुद्दामच येथे घेत आहो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आमच्याकडील बहुतेक मोटारसायकली एका सिलिंडरच्या आहेत. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटास हजारो फेरे घेते व प्रत्येक फेऱ्यास सबंध सांगाड्याला हादरा देते. त्यात आमचे रस्ते. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातूनच जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला तेव्हा आम्हां सर्वांस अभिमान वाटला. पण त्या गुळगुळीत रस्त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. आमची मोटारसायकल धावते ती भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी यांच्या आडरस्त्यांनी, खड्ड्यांतून आणि खडीवरून. वाहनावर बहुधा एकटा इसम नसतो. मागे गृहिणी एका बाजूस पाय सोडून बसलेली, मध्ये एक मूल, पुढे टाकीवर दुसरे मूल, आणि हँडलला भाजीची पिशवी. असा हा संसार ज्या आधारावर चालतो, तो आधार म्हणजे बोटाएवढ्या जाडीचे काही बोल्ट व त्यांवरील नट.

ह्या नटांच्या दोन जाती आहेत. एक डोळ्यांसमोर असणारे, व दुसरे दृष्टीआड असणारे. आरशाचा नट ढिला झाला तर आरसा मान टाकतो आणि मालकास तत्काळ कळते. पण इंजिन ज्या बोल्टांनी सांगाड्यास बांधलेले असते, त्यांतील वरचा टाकीखाली दडलेला असतो. सायलेन्सर इंजिनास जेथे मिळतो, तेथील नट नळीच्या व सांगाड्याच्या बेचक्यात असतात. साखळीवरील झाकणाचा मागचा बोल्ट चाकाच्या आड, आणि साडीगार्डाचा आतला नट मडगार्ड व चाक यांच्यामधील अशा फटीत असतो की, तेथे दोन बोटे जातात, पण त्या दोन बोटांत पाना मावत नाही. हे नट सैल झाले तरी दिसत नाहीत. ते फक्त ऐकू येतात. आणि ऐकू आलेल्या आवाजाबद्दल आमचा सुशिक्षित मालक एवढेच म्हणतो की, ‘गाडी जुनी झाली, आता आवाज करणारच!’

साडीगार्ड हा शब्द वाचून हसू नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मोटारसायकलीस मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवावयास पायटा आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकील असे संरक्षण असलेच पाहिजे, असे ठरविले. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये, हा त्याचा स्पष्ट हेतू. म्हणजे मायभगिनींच्या पदराचा विचार कायद्याने केला, कारखान्याने त्याप्रमाणे जाळी बसविली, आणि ती जाळी ज्या नटावर उभी आहे, तो नट वर्षानुवर्षे कोणी पाहिलाच नाही! जाळी एका टोकाने सुटून चाकाकडे झुकली, तर जी वस्तू पदर वाचविण्यासाठी लाविली, तीच पदर ओढून घेणारी होते. कायदा नट बसवू शकतो. तो दर महिन्यास येऊन आवळू शकत नाही. ते काम ज्याचे कुटुंब त्या वाहनावर बसते, त्याचेच आहे.

आता आमच्या विरुद्ध जे आक्षेप निघतात, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ‘त्यासाठी मिस्त्री आहे; त्याचे पोट त्यावर चालते; आपण आवळाआवळ करू लागलो तर त्याने काय करावे?’ ह्या आक्षेपात परोपकाराचा जो सूर आहे, तो ऐकून आम्हांस मौज वाटते. मिस्त्रीच्या पोटाची ही काळजी त्याच्याशी मजुरीबद्दल घासाघीस करताना कोठे जाते? खरी गोष्ट अशी आहे की, चांगल्या मिस्त्रीचे पोट क्लच, पिस्टन, बेअरिंग अशा कौशल्याच्या कामांवर चालते, नट आवळण्यावर नव्हे. संध्याकाळपर्यंत त्याला दारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या मोकळ्या करावयाच्या असतात. आपण जे दाखवू, ते तो पाहील. जे आपल्यालाच माहीत नाही, ते त्याने शोधावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. टाकीखालचा बोल्ट पाहावयाचा तर टाकी उतरवावी लागते, आणि ‘टाकी उतरव’ असे सांगणारा मालक त्यास वर्षात एखादाही भेटत नसावा. ह्यात मिस्त्रीचा दोष काडीमात्र नाही. दोष आहे तो, ‘आवाज येतो, बघ काय ते’ एवढे बोलून वर्तमानपत्र उघडणाऱ्या गिऱ्हाइकाचा.

आणि ज्या हातांनी ते अवघड जागेतले नट आजवर आवळले गेले, ते हात कोणाचे होते, हेही एकदा विचारात घ्यावे. फटीत मोठ्याचा हात जात नाही, म्हणून गॅरेजातल्या ‘बारक्या’ला हाक मारावयाची, ही पद्धत आमच्या गावोगाव पुष्कळ काळ चालली. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. तरीही बारक्याची हाक आमच्या कानांवरून अजून पुरती गेलेली नाही. आमचे चिरंजीव शिकवणीस जाताना ज्या मोटारसायकलीवर बसतात, तिचा आतला नट त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एखाद्या मुलाने शाळा सोडून आवळावा, आणि आम्ही त्याकडे पाहूही नये, ह्यास प्रतिष्ठा म्हणावयाचे असेल तर ती प्रतिष्ठा आम्हांस नको.

दुसरा आक्षेप वेळेचा. ‘आम्हांस इतका वेळ कोठे?’ हा प्रश्न जे विचारतात, त्यांनी आपला रविवार कसा जातो ते प्रामाणिकपणे मांडून पाहावे. महिन्यातून अर्धा तास एवढेच हे काम आहे. दाढी, नखे, दात यांची निगा आपण स्वतः करतो, कारण ती इतरांवर सोपविण्यात कमीपणा आहे असे आपल्यास वाटते. ज्याच्यावर स्वतःचा व मुलांचा जीव अवलंबून आहे, त्याची निगा करण्यात मात्र कमीपणा वाटतो. हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

तिसरा आक्षेप विचारार्ह आहे. तो असा की, ‘अडाण्याच्या हातून नट आवळण्याऐवजी आटेच जातील.’ हे खरे आहे. पण ज्ञान नाही म्हणून काम करू नये, असे त्यातून निघत नाही; ज्ञान मिळवून काम करावे, असे निघते. आणि ज्ञान मिळविणे हा तर आमचा वंशपरंपरेचा धंदा म्हणून आम्ही मिरवितो! तेव्हा ते ज्ञान किती आहे, हे थोडक्यात सांगतो.

बोल्ट हा निव्वळ खिळा नव्हे. तो एक अत्यंत ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला म्हणजे बोल्ट केसभर ताणला जातो, आणि पूर्ववत् होण्याची त्याची जी ओढ, तीच दोन भागांस एकमेकांवर दाबून धरते. हाताने लाविलेल्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश भाग नटाखालच्या व आट्यांतल्या घर्षणातच खर्ची पडतो; ताण देण्याच्या कामी येतो तो उरलेला दशांश. म्हणून आट्यांत माती, गंज असेल तर नट आवळल्यासारखा भासतो, पण आवळलेला नसतो. आणि तेल असेल तर तेवढ्याच जोरात ताण वाजवीहून अधिक पडतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली दाखवून दिले की, जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, म्हणजे आट्यांतले घर्षण जणू नाहीसेच होते, व नट आपला आपण फिरत सुटतो. म्हणजे थोडासा ढिला झालेला नट तेवढाच ढिला राहत नाही. ताण कमी झाला की भाग घसरतात, घसरले की नट फिरतो, फिरला की ताण आणखी कमी होतो. दुर्लक्षाची हीच रीत सर्वत्र आहे. केवळ स्प्रिंगचा वायसर घातला म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या वायसराचा अशा हादऱ्यापुढे फारसा टिकाव लागत नाही.

किती आवळावे, ह्याचेही माप आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या सामान्य पोलादी बोल्टास सुमारे १० न्यूटन-मीटर जोर पुरतो. आकडा परका वाटत असेल, तर घरगुती भाषेत सांगतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास ५ किलोची ज्वारीची पिशवी टांगली, म्हणजे जेवढा पीळ बसेल, तेवढा. बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात शिरत असेल तर कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेले माप पाहावे, कारण तेथे पोलाद नव्हे तर मऊ धातूचे आटे हार खातात. पान्यास नळी अडकवून, पाय रोवून जो आवळतो, तो पराक्रम करीत नसून बोल्टाचा गळा दाबीत असतो.

आता अडचणीच्या जागेची युक्ती. ह्या कामात बळापेक्षा बुद्धी अधिक लागते, आणि म्हणूनच ते सुशिक्षितांस साजणारे आहे, असे आमचे मत आहे. नटाला सहा बाजू; म्हणून एकदा धरलेला पाना सोडून पुन्हा धरावयाचा तर साठ अंश फिरवावा लागतो. फटीत तेवढी जागा नसते. परंतु साध्या दुतोंडी पान्याचे तोंड दांड्याशी पंधरा अंश तिरपे केलेले असते, हे किती जणांनी निरखून पाहिले आहे? पाना एकदा सरळ व एकदा उलटा धरून पालटत गेले, म्हणजे तीस अंशांच्या जागेतही नट फिरत राहतो. एवढी तजवीज ज्याने केली, त्या अनाम कारागिरास कोणत्याही विद्यापीठाची पदवी मिळाली नसेल. पण पदवीधरांनी त्या तिरपेपणाला आयुष्यभर घडणीतला दोष समजावे, हे मात्र लाजिरवाणे आहे. बारा कोनांचा रिंग-पाना असेल, तरीही तीस अंश पुरतात. जेथे पाना मुळीच पोचत नाही, तेथे गोटी, लांब दांडा व मान वळणारा सांधा यांच्या साहाय्याने दुरून नट गाठावा. नट गोटीतून खाली पडत असेल तर तिच्यात कणकेची लहानशी गोळी दाबून बसवावी. नट तीस चिकटून राहतो. बोल्टाचे डोके व नट दोन्ही मिळून फिरत असतील, तर एक पाना डोक्यावर अडकवून ठेवावा व दुसऱ्याने नट आवळावा. नवा नट लावताना प्रथम हाताने, किंचित उलटा फिरवावा. आटे एकमेकांत बसल्याची सूक्ष्म टिचकी बोटांस कळते, मग सुलटा वळवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखादा भाग आड येत असेल, तर त्यास वळसा घालून झटापट करण्यापेक्षा तो भागच आधी उतरवावा. टाकी उतरविण्यास पाच मिनिटे लागतात. बिघडलेले आटे दुरुस्त करण्यास दिवस जातो.

हे सर्व झाले म्हणजे नटावरून बोल्टावर व तेथून सांगाड्यावर नखरंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ सरळ आहे तोवर नट हललेला नाही. पुढच्या महिन्यास पाना लावावयासही नको. विजेरीच्या उजेडात रेघ पाहिली की झाले. वारंवार सुटणाऱ्या नटास बाजारात मिळणाऱ्या निळ्या द्रवाचा थेंब लावावा. तांबडा लावू नये, कारण तो पुढे ऊब दिल्यावाचून सुटत नाही. काम करताना इंजिन थंड असावे, गाडी मधल्या स्टँडवर पक्की उभी असावी व किल्ली काढून ठेवावी. मर्यादाही सांगितली पाहिजे. सिलिंडरच्या डोक्याचे बोल्ट, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या आणि, माप दाखविणारा पाना नसेल तर, चाकाच्या आसाचा नट, ही मिस्त्रीचीच कामे होत. तेथे आपण फक्त रेघ पाहावी आणि ती सरकली तर गाडी तशीच त्याच्याकडे न्यावी. आपली मर्यादा ओळखणे हाही ज्ञानाचाच भाग आहे. पण मर्यादेचे नाव सांगून अंगणातच न उतरणे हा आळस आहे.

चौथा आक्षेप कारखानदारांच्या बाजूने येतो. ‘आताची यंत्रे घरच्या हातांसाठी केलेलीच नसतात.’ ह्यात सत्यांश आहे, आणि ह्या ठिकाणी आमचा राग मालकाकडून वळून कारखान्याकडे जातो. नट जेथे हात पोचणार नाही तेथे बसविणे, साध्या षटकोनी डोक्याऐवजी खास हत्याराशिवाय न फिरणारे डोके देणे, आणि मालकास जी पुस्तिका मिळते तीत ‘अधिकृत केंद्राकडे जावे’ एवढेच छापणे, ह्याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडात सर्वांचे आटे एकाच मापाचे असावेत अशी योजना मांडली. तिच्यामुळे एका गावचा बोल्ट दुसऱ्या गावच्या नटात बसू लागला. मापाची ही लोकशाही पुनः मोडून जो तो कारखाना आपापले कुलूप घालू पाहत असेल, तर ती प्रगती नव्हे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक माहितीकेंद्र महाजालावर उघडले. मोबाईल, शेतीची अवजारे व घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही त्यात समावेश आहे. ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु हक्क मागावयाचा तर तो वापरणारे हातही पाहिजेत. ज्या घरात पानाच नाही, त्या घराने दुरुस्तीचा हक्क मागणे म्हणजे लेखणी न धरणाऱ्याने लेखनस्वातंत्र्यासाठी मोर्चा काढणे होय. कारखानदार नट दडवितो, ह्याचे एक कारण हेही आहे की, दडविला तरी विचारणारा कोणी नाही, हे तो जाणून आहे.

आमची ही उपेक्षा विशेष शोचनीय वाटते, ती आमच्या जिल्ह्याकडे पाहून. जालन्याची ओळख देशात पोलादी सळयांचे गाव म्हणून आहे. येथल्या रोलिंग मिलांतून निघालेली सळई कोठकोठल्या घरांच्या छतांत बसली आहे. जालन्याहून पश्चिमेस, छत्रपती संभाजीनगरापलीकडे वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, व तेथे मोटारसायकली तयार होतात. एका अंगास पोलाद, दुसऱ्या अंगास मोटारसायकल; आणि मध्ये राहणारे आम्ही सुशिक्षित दोहोंविषयी सारखेच अनभिज्ञ! परिस्थितीने आम्हांस शिकविण्यात कसूर केलेली नाही. शिकावयाचे नाही, हा निर्धार आमचा आहे.

परंपरेचे नाव सांगूनही आमची सुटका होत नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ह्याच जिल्ह्यातील जांब येथे झाला. त्यांच्या दासबोधाची पारायणे घरोघर होतात. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास कोणता, हे पारायण करणाऱ्यांनी आठवावे. ब्रह्म, माया यांची चर्चा करणाऱ्या त्या महापुरुषाने तेथे सबंध समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर कसे काढावे, बोरू कसे असावेत, सुरी व कातर जवळ कशी बाळगावी, हे सर्व त्यात सांगितले आहे. ज्या हत्याराने काम करावयाचे, त्याची निगा स्वतः करणे हे अध्यात्माच्या ग्रंथास कमीपणा आणणारे नाही, असे समर्थांचे मत होते. आमचा बोरू आता मोटारसायकल झाला आहे, एवढाच फरक.

अर्वाचीन काळातील उदाहरणेही थोडी नाहीत. बेळगावास १८८८ साली ज्या किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले, त्यांतील लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केलेले गृहस्थ. मास्तराने सायकलींच्या दुरुस्तीत हात काळे करावे, हे त्या काळच्या पांढरपेशांस कसे दिसले असेल, ह्याची कल्पना करता येते. पण त्याच हातांतून पुढे लोखंडी नांगर निघाले व १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षणपरिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण ही योजना गांधीजींनी मांडली. तिचे पुढे काय झाले, हे आमच्या महाविद्यालयांतील मुलांच्या हातांकडे पाहून समजावे. मुलास बलाच्या आघूर्णाचे सूत्र पाठ असते, त्यावरचे गणित तो अचूक सोडवितो, आणि पाना दांड्याच्या टोकाशी धरावा की तोंडाशी, हे मात्र त्यास ठाऊक नसते. आमच्या वर्गातून दरवर्षी अशी मुले बाहेर पडतात व त्यांस आम्ही उत्तीर्ण म्हणतो.

हा दोष केवळ आमचाच आहे असेही नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट पिर्सिग याने १९७४ साली मोटारसायकलीच्या निगेवर एक तत्त्वचिंतनात्मक ग्रंथ लिहिला. त्यात निवेदकाचा एक सुखवस्तू मित्र आहे. त्याच्या महागड्या मोटारसायकलीचे हँडल ढिले होते. निवेदक त्यास पत्र्याच्या डब्याची एक पातळ पट्टी कापून मध्ये घालावयास सुचवितो. उपाय अचूक, खर्च शून्य. पण एवढ्या थोर यंत्रात डब्याचा पत्रा घालावयाचा, ह्या कल्पनेनेच त्या मित्रास अपमान झाल्यासारखे वाटते. ढिले हँडल त्यास चालते, स्वस्त उपाय चालत नाही! हे वाचताना आम्हांस परदेश आठवला नाही, आमचीच आळी आठवली.

ह्या बाबतीत आमच्या घरांतील स्त्रिया पुरुषांहून पुढे आहेत, हेही सांगितले पाहिजे. प्रेशर कुकरची मूठ हलू लागली, तर गृहिणी ती दुकानात नेत नाही. सुरीच्या टोकाने पेच पिळून मोकळी होते. मिक्सरच्या भांड्याचे, शिवणयंत्राच्या सुईचे पेच तीच आवळते. तिला हे ‘हलके काम’ वाटत नाही, कारण ढिल्या मुठीचा चटका तिच्याच हातास बसतो. मोटारसायकलीच्या ढिल्या नटाचा चटका मात्र चालविणाऱ्याआधी मागे बसणाऱ्या तिलाच बसावयाचा. तेव्हा पाना फक्त मुलाच्याच हाती द्यावा असे आम्ही म्हणत नाही. मुलीही आज महाविद्यालयास दुचाकीवरून येतात. त्यांनाही तो दिला पाहिजे.

भाषेचाही एक मुद्दा आहे. आटे, पेच, पाना, पक्कड, मळसूत्र, पीळ, सैल, घट्ट, असे किती नेमके शब्द ह्या कामात नांदत आहेत! ते आज गॅरेजात जिवंत आहेत. आमच्या निबंधांतून हद्दपार झाले. एखाद्याच्या डोक्याचे आटे ढिले झाले असे आम्ही थट्टेने म्हणतो, पण आटा म्हणजे काय, हे बोटाने कधी चाचपून पाहिलेले नसते. वस्तूपासून सुटलेला शब्दही असाच हळूहळू ढिला होतो. मराठीच्या दैन्यावर अश्रू ढाळणाऱ्यांनी एक तास मिस्त्रीशेजारी बसावे; त्यांस तेथे आपल्यापेक्षा चोख मराठी ऐकावयास मिळेल.

खंडेनवमीस आम्ही हत्यारांची पूजा करतो. दसऱ्यास मोटारसायकल धुऊन तिच्या हँडलास झेंडूचा हार घालतो, टाकीवर हळदकुंकू वाहतो. प्रथा सुंदर आहे व ती आम्हांस मोडावयाची नाही. पण पूजेपूर्वी देवघरातील मूर्ती आपण हलवून पाहतो, नीट बसवितो, मग फूल वाहतो. ज्या हँडलास हार घातला, ते हँडल घट्ट आहे काय, हे न पाहता केलेली पूजा देवास पोचत असेल, पण रस्त्यास पोचत नाही. येत्या खंडेनवमीस पूजावयास घरात निदान हत्यार तरी असावे, एवढीच आमची मागणी आहे. दुतोंडी पान्यांचा एक संच, गोट्यांची एक पेटी, एक पेचकस, एक विजेरी; ह्यांची किंमत एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या हॉटेलखर्चाहून फार अधिक नाही. टाकी उतरवावी, आतला नट पाहावा, आवळावा, त्यावर रेघ ओढावी, आणि हात साबणाने धुऊन मग दासबोध उघडावा.